सात ओळी म्हणजे सात दिवस नव्हेत

सॉफ्टवेअर म्हणतं, आठवडा रविवारी सुरू होतो.
पुण्याहून धाकटे शेट म्हणतात, सोमवारपासून धरा,
सगळीकडे तसंच धरतात.
थोरले बाबनीशेट गल्ल्यातून मान वर न करता म्हणतात,
"म्हापशांत आठवडो शुक्रारा सुरू जाता."

त्यांचं चूक कसं म्हणू?
शुक्रवारी पेडण्याच्या बसमधून आधी रिकाम्या पिशव्या उतरतात,
मग माणसं.
शिवोलीच्या बायका मिरच्या विकून उठतात
आणि त्याच चुरगळलेल्या नोटांनी आमच्याकडून नेतात
साबण, काड्यापेट्या, सुंभाचं वेटोळं, दोन केरसुण्या.
मग गुरुवारपर्यंत आम्ही माश्या मारतो.
आठवडा कुठं कापायचा
हे ज्याच्या हातात सुरी त्यानं ठरवावं.
सध्या सुरी माझ्या हातात आहे,
आणि ती सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर आहे.

मी सुलक्षा लोटलीकर. एकोणतीस वर्षं वहीत बेरजा केल्या.
हातचा डाव्या करंगळीवर धरायची सवय.
आता करंगळीला काम नाही,
तरी आकडा चढताना ती आपोआप वाकते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी
'मागील सात दिवस' या चौकोनातला आकडा
पुरी फुगावी तसा फुगला.
पुण्याहून लगेच फोन: "वा! काय विकलं एवढं?"
काही नाही. काहीच नाही विकलं.
रात्री एकेक बिल बोटानं मोजलं तेव्हा कळलं,
यंत्र दिवस मोजतच नव्हतं. ओळी मोजत होतं.
मंगळ, बुध, गुरू दुकान बंद. बिल नाही, म्हणून ओळ नाही.
ओळ नाही, म्हणून दिवस नाही.
सात भरायला ते मागं मागं सरकत गेलं
आणि दोन शुक्रवार एकाच घासात गिळून बसलं.

सोमवारी रात्री कायतान गेला होता.
कोलवाळ, थिवी, अस्नोडा: अठरा वर्षं त्याचीच लाईन.
व्हॅनची चावी खिशात तशीच.
मंगळवारी सगळे मुलीची वाट बघत होतो, ती कुवेतहून यायची.
बुधवारी इगर्जीत गेलो.
गुरुवारी बाबनीशेटनी कुलपात किल्ली घातली
आणि न फिरवता परत काढली.
तो आठवड्याला 'सुमान' म्हणायचा.
"बाये, ह्या सुमानाक कितें जालें?"
मी आकडा सांगायची. तो शीळ घालायचा, कमी असला तरी.

दुरुस्ती अवघड नव्हती.
तारखांचं एक वेगळं कोष्टक करायचं,
वर्षातला प्रत्येक दिवस, एकाखाली एक,
कुणी काही घेवो न घेवो,
आणि बिलं त्याला टांगायची, खुंटीला सदरे टांगावेत तशी.
तीन खुंट्या रिकाम्या राहिल्या.
बेरीज जागेवर आली.

धाकटे शेट म्हणाले, त्या जागी शून्य टाका, मोकळं बरं दिसत नाही.
मी नाही टाकलं.
शून्य म्हणजे आम्ही दार उघडून बसलो होतो
आणि कुणी आलं नाही.
हे तसं नव्हतं.
त्यांना सांगितलं, सॉफ्टवेअर घेत नाही.
एकोणतीस वर्षांत हिशोबातलं माझं पहिलं खोटं.

आठवडा मात्र अजून रविवारीच सुरू होतो पुण्याच्या प्रतीत,
बाबनीशेटच्या प्रतीत शुक्रवारी.
दोन्हींच्या खाली महिन्याची बेरीज एकच येते,
म्हणून भांडण नाही.

लाईनवाल्यांच्या यादीत पाच नावं, पाचांपुढं खूण.
आज नवा पोरगा व्हॅन घेऊन गेला, त्याचं नाव सहावं घातलं.
यादी लांबली म्हणून कायतानपुढची खूण काढून पाहिली.
गेलं वर्ष पडद्यावर भसकन खाली बसलं,
थिवीची सगळी दुकानं जणू कधी नव्हतीच.
खूण परत केली.
मग पाच वाजले, पावत्या आल्या,
आणि करंगळी वाकली.